बोअर रिगच्या मास्टवरची पुली बदलायची आहे: वर चढायचं की मास्ट पाडायची?

चिकोडी_बोअर
नमस्कार मंडळी. लॉरीवर बसवलेली डीटीएच (बोअरच्या तळाशी हवेवर ठोकणाऱ्या हॅमरची) रिग आहे, २० फुटी रॉडची. मास्टच्या (गाडीवरच्या उभ्या मनोऱ्याच्या) डोक्यावर विंचच्या दोराची जी पुली असते तिचं बेअरिंग वाजतंय आणि पुली बाजूला हलतीय. दोर १२ मिमीचा. बोअरमध्ये रॉड आहेत, खाली कठीण पाषाण लागलाय. ड्रिलर म्हणतो, पोरगा वर चढून अर्ध्या तासात पुली काढून देतो, मास्ट पाडायला (गाडीवर आडवी करायला) नको. फेब्रुवारी ते मे हाच काय तो धंद्याचा काळ, गाडी उभी राहिली की पुढची बोअर दुसऱ्याकडं जाते, हे कळतंय. खरं त्या पोराला वर पाठवायला मन घेत नाही. वर चढून करायचं तर काय काय लागतं, आणि मास्ट पाडून करायचं तर क्रम काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

जांभा_खानापूर
पाडा. दुसरा विचारच करू नका.

वर जाऊन निपलला ग्रीस मारणं वेगळं आणि पुली काढणं वेगळं. पुली काढायची म्हणजे कीपर प्लेटचे (पिन जागेवर धरणाऱ्या पट्टीचे) बोल्ट सोडायचे, पिन ठोकून काढायची, पुली दोन्ही हातांनी तोलायची. दोन्ही हात कामात गुंतले की माणूस मास्टला कशानं धरणार? पिन निघते त्या क्षणी पुलीचं सगळं वजन अचानक हातावर येतं आणि त्याच वेळी तोल जातो.

काळी_रान
पाडा म्हणणं सोपं आहे हो खानापूरकर. बोअरमध्ये रॉड आहेत हे त्यांनी लिहिलंय, ते वाचलं का? बहुतेक गाड्यांचं टेबल, म्हणजे ज्यातून रॉड खाली जातात ते, मास्टच्या बुडालाच असतं. टेबलात पाना अडकवून रॉड टांगले आणि मास्ट पाडायला गेलं तर टेबलही मास्टबरोबर कलतं. रॉड वाकणार नाहीतर सगळी माळ खाली जाणार. अथणीकडच्या काळ्या रानात तर मास्ट उचल-पाड करतानाच गाडी कलायची भीती. मास्ट पाडणं हेसुद्धा धोक्याचंच काम आहे, हे आधी मान्य करा.

जांभा_खानापूर
ते मान्य. तेवढं लिहायचं राहिलं. खरं त्यावर उत्तर म्हणजे पोरगा वर पाठवणं नव्हे, रॉड बाहेर काढणं.

निपाणीकर
आणि रॉड बाहेर काढायला तीच विंच लागते. विंचची पुली तर मोडकी. आता?

ग्रीसगन
निपाणीकरांनी नेमकं बोट ठेवलं. सगळी गुंतागुंत तिथंच आहे, म्हणून सावकाश लिहितो.

पहिल्यांदा कुणीही वर न जाता खालून बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम करा, फोटो काढा. तीन गोष्टी बघायच्या. दोर खाचेत आहे का बाजूला घासतोय. पिनची कीपर प्लेट जागेवर आहे का, तिचे दोन्ही बोल्ट दिसतात का. आणि पुलीच्या एका गालावर चकाकी आलीय का. चकाकी म्हणजे पुली कलंडून ब्रॅकेटला घासतीय. दोर खाचेबाहेर असेल किंवा प्लेट लोंबत असेल तर ती विंच त्या क्षणापासून बंद. एक रॉडसुद्धा तिच्यावर उचलायचा नाही.

मग रॉड कसे काढायचे? माळ वर ओढायचं काम हेड (मास्टवर वर-खाली सरकणारा, रॉड फिरवणारा भाग) आणि फीडची चेन करते, विंच करत नाही. विंच फक्त सुटा झालेला रॉड धरून बाजूला ठेवायला लागते. तेवढ्यासाठी हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) बोलवा. एकेक रॉड हायड्राच्या हूकावर धरा आणि काढा. हायड्राचं भाडं द्यावं लागतं, खरं वर चढायची गरज संपते. माळ काढायच्या आधी हवा देऊन बोअर साफ करा आणि हॅमर तळावरून उचलून घ्या, नाहीतर चुरा बसून हॅमर अडकतो आणि तुमची अडचण दुप्पट होते.

रॉड निघाले की बोअरच्या तोंडावर लगेच लोखंडी झाकण, बोल्ट लावून. काम चालू असताना पाना आत पडला तर बोअर वाया जाते, आणि उघड्या बोअरमध्ये लेकरू पडायचा धोका तर सगळ्यांनाच माहीत आहे. उघड्या बोअरीच्या तोंडाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश आहेत, ते गाडीवाल्यांनाही माहीत असायला हवेत.

आता मास्ट पाडायची. हेड एकदम खाली आणा. विंच मास्टवर नसून गाडीच्या चेसिसवर असेल तर मास्ट झुकताना दोर ताणला जातो, म्हणून हूक मोकळा सोडून दोर ढिला ठेवत एक माणूस विंचच्या लिव्हरवर हवा. मास्ट हेडरेस्टवर (आडव्या मास्टच्या टेकूवर) टेकली की लॉकची पिन घाला आणि पिनला स्प्लिट पिन लावा. अर्धवट उचललेल्या मास्टखाली किंवा मास्टवर कधीही काम नको. तेव्हा ती सगळी फक्त सिलिंडरातल्या तेलावर उभी असते. एक होज फुटला की संपलं.

मग इंजिन बंद, बॅटरीचा स्विच बंद, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. ड्रिलरच्या खिशात नव्हे. लिव्हर पुढं-मागं हलवून हायड्रॉलिकचा साठलेला दाब सोडा, कॉम्प्रेसरची टाकी रिकामी करा. गेजवर शून्य दिसलं तरच हात घाला. होज गळतोय का हे हातानं चाचपायचं नाही. केसाएवढ्या भोकातून दाबानं सुटलेलं तेल कातडीच्या आत शिरतं, वरून फक्त ठिपका दिसतो आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा.

काळी_रान
हे पटलं. त्यात जॅकचं घाला. जॅकची प्लेट लहान असते, काळ्या रानात ओल असेल तर तासाभरात रुतते. रेल्वेचे जुने स्लीपर किंवा जाड फळ्या आडव्या-उभ्या दोन थरांत घाला. मास्ट उचलण्याआधी आणि पाडण्याआधी लेव्हल बघा, एका बाजूचा जॅक उतरलाय का ते डोळ्यांनी बघा. जांभ्याच्या जमिनीत वरचा थर कडक असतो आणि खाली पोकळी निघू शकते, तिथं तर फळ्यांशिवाय जॅक टेकवूच नका.

हिरण्यकेशी
ग्रीसगन यांनी क्रम अगदी बरोबर दिलाय, खरं एक गोष्ट राहून गेली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मास्ट पाडली म्हणजे उंची संपली असं नाही. आडवी झालेली मास्ट ड्रायव्हरच्या केबिनवरून पुढं जाते. पुली जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन मीटरवर राहते. मग माणसं काय करतात, बंपरवर पाय देऊन केबिनच्या टपावर चढतात, तिथं डिझेल-तेल सांडलेलं असतं, आणि ‘आता काय, गाडीवरच तर आहोत’ म्हणून बेल्ट काढून ठेवतात. तीन मीटरवरून डोक्यावर पडलेला माणूस वाचायलाच पाहिजे असा काही नियम नाही.

इथं एक हिशेब सगळ्यांनी नीट समजून घ्या. पूर्ण अंगाच्या हार्नेसला १.८ मीटरची दोरी आणि तिला शॉक ॲब्सॉर्बर असतो. माणूस पडला की आधी १.८ मीटर दोरी ताणली जाते. मग ॲब्सॉर्बर उसवत पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. वर एक मीटर राखीव. बेरीज केली तर अँकरपासून खाली सुमारे ६ मीटर मोकळी जागा लागते. केबिनच्या टपावर उभं राहून मास्टला अडकवलं तर अँकर जमिनीपासून जेमतेम साडेतीन मीटरवर. म्हणजे दोरीनं धरायच्या आधी माणूस जमिनीवर. बेल्ट घातलाय या समाधानात जाईल बिचारा.

म्हणून इथं दोरीच्या भरवशावर राहू नका. कठडा असलेली चाकांची स्कॅफोल्डिंग भाड्यानं आणा, चाकं लॉक करा, तिच्यावर उभं राहून काम करा. ती नसेल तर कमी लांबीची, न ताणणारी दोरी अशी बांधा की माणूस कडेपर्यंत पोचूच शकणार नाही. पडल्यावर धरणं वेगळं आणि पडूच न देणं वेगळं.

निपाणीकर
मग तो कमरेचा पट्टा काय कामाचा? बहुतेक गाड्यांवर तोच असतो.

हिरण्यकेशी
कमरेचा पट्टा पडणाऱ्याला धरायला नाहीच. झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, माणूस दुमडतो किंवा पट्ट्यातून निसटतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, त्यावर आयएस ३५२१ ची खूण बघून घ्या. मांडीचे पट्टे इतके घट्ट की तळहात सरकावा पण मूठ जाऊ नये. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर. दोरी पाठीच्या कडीला, आणि अँकर शक्यतो डोक्याच्या वर. वेल्डिंगच्या ठिणगीनं पट्ट्यावर भोक पडलं असेल, शिलाई उसवली असेल किंवा तो हार्नेस एकदा पडणाऱ्या माणसाला धरून बसला असेल, तर तो कापून टाका. नुसता बाजूला ठेवला तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत घालतं.

मळ्याचा_राखणदार
आमच्याकडं मास्टवर झरझर चढणाऱ्याला ‘माकड आहे बघा’ म्हणून शाबासकी देतात. माकडाला तोल सांभाळायला शेपटी असते, आपल्याला ती नाही. म्हणून बेल्ट.

जांभा_खानापूर
@मळ्याचा_राखणदार हे आमच्या गाडीच्या दारावर रंगवून घेणार!

शाबासकीवरून आठवलं ते हेडवर बसून वर जाणं. हेडवर पाय ठेवायचा, ड्रिलरनं लिव्हर मारायची आणि माणूस लिफ्टसारखा वर. विंचच्या हूकात पाय घालून जाणारेही आहेत. चेन तुटली, होज फुटला किंवा ड्रिलरचा हात दुसऱ्या लिव्हरवर पडला तर काहीच उपाय नाही. हेडची सगळी रचना रॉड ओढायला केलेली आहे, माणूस न्यायला नाही. आणि मास्ट व हेडच्या मधल्या फटीत पाय गेला तर हेड थांबतही नाही.

तिसरा_पेड
मूळ प्रश्नाकडं येतो. बेअरिंग का वाजलं हे कुणी विचारलंच नाही. बेअरिंग बदलून परत महिन्यात तेच झालं तर काय उपयोग?

पुली काढल्यावर खाच साफ करा आणि बोट फिरवा. खाचेत दोराच्या पेडांचे ठसे उमटले असतील, वरवंटा टाकीनं टवकारल्यासारखे, तर पुली बाद. असली पुली नवा दोर किसणीसारखी खाते. खाच अरुंद झाली असेल तर दोर चिमटला जातो, फार रुंद असेल तर दोर चपटा होतो. पुलीचा व्यास साधारण दोराच्या १८ पट तरी हवा, १२ मिमीला २१६ मिमी. त्याहून लहान पुली बसवलेली असेल तर दोरातल्या तारा आतून तुटत राहतात.

आता दोर. कापड हातात घेऊन सगळा दोर पुसा, कापड जिथं अडकेल तिथं तुटलेली तार आहे. उघडा हात फिरवू नका. एका पूर्ण पिळाच्या लांबीत सहा तुटक्या तारा, किंवा एकाच पेडात तीन, म्हणजे दोर काढायचा. व्हर्नियर दोन पेडांच्या उंचवट्यांवर धरून मोजा, १२ चा दोर ११ च्या खाली आला की मी ठेवत नाही. तारा पिंजऱ्यासारख्या फुगल्या, गाठ पडून ताणली गेली, किंवा वेल्डिंगचा डाग लागला तर मोजायचीही गरज नाही. आणि ड्रमवर सगळा दोर सोडला तरी तीन वेढे उरलेच पाहिजेत, नाहीतर सगळा भार ड्रमवरच्या दोराच्या टोकाच्या खिळीवर येतो.

यू-क्लॅम्पचं तर लिहितोच, कारण दहा गाड्या बघाल तर उलटे लावलेले सापडतात. क्लॅम्पचा जाड भाग, ज्यावर खाचा असतात, तो भार घेणाऱ्या दोराकडं. गोल यू-बोल्ट परतलेल्या छोट्या टोकाकडं. उलटं लावलं तर यू-बोल्ट भाराच्या दोरात रुततो आणि तिथंच तो तुटतो. १२ मिमीला तीन क्लॅम्प तरी हवेत, चौथा लावला तर उत्तम, आणि दोन क्लॅम्पमध्ये ७५ मिमी. आत थिंबल (दोराच्या फासात बसणारी लोखंडी खाचेची कडी) हवीच. एक क्लॅम्प छोट्या टोकाजवळ, दुसरा थिंबलला लागून, मग मधले. सगळे सारखे आवळा. पहिला भार देऊन उतरवल्यावर परत आवळा. भारानं दोर बारीक होतो आणि क्लॅम्प आपोआप ढिले पडतात. हे दुसऱ्यांदा आवळणं बहुतेक जण विसरतात.

काळी_रान
@तिसरा_पेड वेल्डिंगच्या डागाबद्दल एक सांगा. मास्टवर पायरी किंवा ब्रॅकेट वेल्ड करताना अर्थिंग कुठंही लावतात, त्यानं दोराला काही होतं का?

तिसरा_पेड
होतं तर. अर्थचा क्लॅम्प गाडीच्या चेसिसला आणि वेल्डिंग मास्टच्या टोकाला असेल तर करंट मधल्या पुलीच्या बेअरिंगमधून, चेनमधून, दोरामधून जातो. बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. वाजणाऱ्या बेअरिंगचं हे एक कारण असू शकतं. दोराच्या तारांवर ठिणगी पडली की त्या जागी तार कडक होऊन काचेसारखी तुटते. अर्थ नेहमी वेल्डिंगच्या जागेजवळ, त्याच लोखंडावर लावा.

वळीव
बाकी सगळं वाचलं, एकदम उपयोगी. मला दोन गोष्टी घालायच्यात.

एक, वरून पडणारं सामान. एक किलोचा हातोडा ८ मीटरवरून पडला तर खाली पोचेपर्यंत ताशी ४५ किलोमीटरचा वेग होतो आणि ७८ ज्यूलचा दणका बसतो. युरोपातल्या ईएन ३९७ या मानकात हेल्मेटची चाचणी ५ किलो वजन १ मीटरवरून टाकून होते, म्हणजे ४९ ज्यूल. हेल्मेट घाला, खरं त्याच्या भरवशावर खाली उभं राहू नका. हत्यारं दोरीनं मनगटाला किंवा पट्ट्याला बांधा, नट-बोल्ट पिशवीत ठेवा, दातात धरू नका. गाडीभोवती पाच-सहा मीटरवर दोरी बांधून टाका. शेतमालक आणि गल्लीतली पोरं बघायला जमतात, त्यांना आधी लांब करा. पाना मास्टच्या अँगलवर आपटून बाजूला उडतो, सरळ खाली येत नाही.

दुसरं, तारा. उसाच्या फडातून गेलेल्या हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) ११ केव्हीच्या तारा उन्हात लोंबतात. मास्ट उचलायच्या आधी वर बघून तीन मीटर अंतर तर सोडाच, शिवाय मास्ट डुलते तेवढं आणखी. जमत नसेल तर लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या. मास्ट तारेला लागलीच तर गाडीवरचा माणूस गाडीवरच थांबतो, खालचे सगळे लांब पळतात, कुणीही गाडीला हात लावत नाही. आणि एप्रिल-मेमधला वळीव. दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला की मास्टवरचं काम बंद. वीज पहिला थेंब पडायची वाट बघत नाही.

निपाणीकर
बऱ्याच गाड्यांवर पोरं तमिळनाडूची, छत्तीसगढची, ओडिशाची असतात. ड्रिलर कन्नड बोलतो, मालक मराठी. कॉम्प्रेसर चालू असला की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. हाताच्या खुणा ठरवल्यात का कुणी?

हिरण्यकेशी
चांगला मुद्दा. ‘थांब’ ही खूण तरी सगळ्यांची एकच हवी: हात बाजूला ताठ, तळवा खाली, आडवा हलवायचा. दोन्ही हात तसे हलवले म्हणजे एकदम थांब. ही खूण गाडीवरच्या कुणीही दिली, चहा आणणाऱ्यानं दिली, तरी ड्रिलरनं लिव्हर सोडायची. बाकी सगळ्या खुणा मात्र एकाच ठरलेल्या माणसाच्या.

ओरडायची वेळ आलीच तर ‘निल्लु’ म्हणा. कन्नडलाही कळतं, तमिळलाही कळतं. मराठी माणूस इकडं राहून ते शिकलेलाच असतो.

काळी_रान
बरं, वरच जायची वेळ आली तर? समजा दोर पुलीतून उडालाय आणि मास्ट पाडताना तो अडकून तुटेल अशी स्थिती आहे.

हिरण्यकेशी
तेव्हा जायचं, खरं अटी पाळून. हेड खाली टेकवून, इंजिन बंद, किल्ली वर जाणाऱ्याच्या खिशात. मास्टच्या पायऱ्या सळीच्या असतात, त्यांची वेल्डिंग आधी खालून ठोकून बघा. दोन दोऱ्यांचा हार्नेस, एक सोडायच्या आधी दुसरी वर अडकवायची, कोणत्याही क्षणी एक तरी अडकलेली. अँकर पायरीला नाही, मास्टच्या मुख्य अँगलला गोफण (पट्ट्याचा वेढा) घालून. हत्यारं खालून दोरीनं पिशवीत ओढून घ्यायची, खिशात घालून चढायचं नाही.

आणि वर पाठवायच्या आधी ठरवा की तो हार्नेसमध्ये लटकला तर खाली कसा आणणार. लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठतं, काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. हायड्रा आणि बास्केट तयार, किंवा दुसरा हार्नेस घातलेला माणूस आणि उतरवायची दोरी तयार, तरच वर. नुसतं १०८ ला फोन करू म्हणणं म्हणजे तयारी नव्हे. फोन करायचाच तर सीमेवरच्या गावांत मोबाइलला कधी पलीकडचा टॉवर लागतो, म्हणून आधी राज्य, तालुका, गाव सांगा आणि मग काय झालंय ते.

मळ्याचा_राखणदार
ग्रीस मारायला दर वेळी वर जाऊ नये म्हणून निपलपासून खालपर्यंत नळी ओढली तर?

ग्रीसगन
काही जण ओढतात. खरं लांब नळीत जुनं ग्रीस घट्ट होऊन बसतं, खालून पंप मारला की नळीच फुगते आणि वर बेअरिंग कोरडं. बेअरिंगच्या कडेनं जुनं ग्रीस बाहेर आलेलं डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आपल्या रिगची सोय म्हणजे प्रत्येक बोअर झाली की मास्ट पडतेच. पुढच्या बोअरला उचलायच्या आधी, मास्ट आडवी असताना, स्कॅफोल्डिंगवरून पाच मिनिटांत पुलीला ग्रीस, कीपर प्लेटच्या बोल्टना पाना, पिनच्या स्प्लिट पिनकडं नजर. डीटीएचच्या ठोक्यांनी बोल्ट सैल होतातच, कठीण पाषाणात जास्त. बोल्टवर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा, रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला. खालून कॅमेऱ्यानंही ते दिसतं.

चिकोडी_बोअर
सगळ्यांचे मनापासून आभार. खालून फोटो काढले. कीपर प्लेटचा एक बोल्ट नाही, दुसरा अर्धा बाहेर. विंच बंद केली. उद्या सकाळी हायड्रा येतोय, रॉड काढून, झाकण लावून, मग मास्ट. स्कॅफोल्डिंग चिकोडीतून मिळाली. पोराला आजच सांगितलं की वर जायचं नाही, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटचं विचारतो, बेअरिंग बेळगावच्या उद्यमबागेतून आणायचं आहे, नंबर घासून गेलाय. काय घेऊन जाऊ?

तिसरा_पेड
नुसतं बेअरिंग नेऊ नका. पुली, पिन आणि बेअरिंग तिन्ही न्या. पिनचं माप व्हर्नियरनं तीन ठिकाणी घ्या, दोन्ही टोकांना आणि बेअरिंग बसतं तिथं मध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. मध्ये बारीक झाली असेल तर नवं बेअरिंग तिच्यावर फिरत राहील आणि परत वाजेल, तिथंच पिन वळवून घ्या. पुलीतल्या बेअरिंगच्या घराचंही माप घ्या. कीपर प्लेटचे दोन्ही बोल्ट नवे, ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा बघून. स्प्लिट पिन जुनी सरळ करून परत वापरू नका.